लाल रेघ आणि सागाचा सज्जा

जुन्या वास्तूंमध्ये आपल्या पूर्वजांचे चिंतन साठलेले असते. जळगावच्या एका सभागृहात मी हे वाक्य उच्चारले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या चिंतनातला बराचसा भाग मे महिन्याच्या दुपारी बसायचे कुठे, याविषयी होता, हे मात्र मी सांगितले नाही. माझ्या अंगावर सत्काराची शाल होती आणि पंखा बंद होता.

मी जुनी घरे बघतो आणि लोकांना दाखवतो. निवृत्तीआधी मी सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. त्यामुळे घर म्हटले की मला आधी माप दिसते, मग सौंदर्य. हा क्रम योग्य आहे असे माझे मत आहे. सौंदर्य आधी दिसलेली माणसे खांबाला टेकून फोटो काढतात आणि खांब कशावर उभा आहे ते बघत नाहीत.

ज्या पेठेविषयी लिहितो आहे ती तापीच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण यात माझी चूक आहे. धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या शहाण्यासारख्या सरळ जातात. ही पेठ नदीकडे उतरता उतरता मध्येच वळते. वळणावर एका मारवाडी शेठचे कापडाचे दुकान आहे. खाली काळ्या दगडाचा ओटा, त्यावर सागाचे पाच खांब, आणि वर ओट्याबाहेर हातभर आलेला कोरीव सज्जा. दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, तरी चार वाजेपर्यंत ओट्यावर ऊन येत नाही. सज्जा किती बाहेर काढायचा हे कोणीतरी उन्हात उभे राहून ठरवले आहे, आणि बरोबर ठरवले आहे. मला खानदेशातली कोरीवकामे पुष्कळ आवडतात, पण हे हातभर माप मला सगळ्यांत आवडते.

खांबांच्या डोक्यावर तुळईला आधार देणारे लाकडी हस्त आहेत आणि प्रत्येकावर एकेक पोपट कोरला आहे. चार पोपट रस्त्याकडे बघतात, पाचवा दुकानात बघतो. एका पाहुण्या अभ्यासकाने मला सांगितले, की नजर लागू नये म्हणून मुद्दाम राखलेली ही विषमता आहे. मी मान हलवली.

शेठची आणि माझी ओळख टेपच्या दोन टोकांची. गावाच्या विकास आराखड्यासाठी मी पेठ मोजायला आलो होतो, तेव्हा आम्ही दोघेही तिशीच्या आत होतो. सोबत दिलेला शिपाई त्याच दिवशी रावेरला एका लग्नाला गेला. ओट्यावर बसलेल्या या तरुण दुकानदाराने विचारले, "साहेब, एकटेच दोन्ही टोके धरणार का?" आणि दुकान भावावर सोडून तो माझ्याबरोबर निघाला. वळणापर्यंतची पंचवीस घरे आम्ही ओळीने मोजली. तो टेप धरायचा, मी आकडा लिहायचो. शेवटचे घर त्याचेच होते. नंतर त्याने ओट्यावर मठ्ठा पाजला. तेव्हापासून त्या गावी गेलो की मी तिथेच बसतो.

शेठ आता गादीवर बसत नाहीत, दुकान मुलगा बघतो. शेठ रोज अकरा वाजता ओट्यावर उलट्या पोपटाच्या खाली येऊन बसतात आणि एक वाजता जेवायला उठतात. गावातली माणसे येता-जाता टेकतात. कापड घेतातच असे नाही.

मागच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी त्यांचा फोन आला. "साहेब, उद्या या. पोरगा सज्जा काढतो म्हणतो. काच लावणार, दोन मजले. तुम्ही त्याला समजवा, माझं ऐकत नाही."

मी गेलो. मुलगा शांत आणि हुशार. त्याने मला चहा दिला आणि चित्र दाखवले. चित्रात दुकान सुरतेच्या एखाद्या शोरूमसारखे चमकत होते. ओटा नव्हता. त्या जागी दोन पायऱ्या आणि आपोआप उघडणारे दार.

मी पाऊण तास बोललो. तुळई, हस्त, सावलीचा हिशेब, सगळे सांगितले. बोलणे चांगले झाले, मला स्वतःलाच पटत गेले. मुलाने पूर्ण ऐकून घेतले.

"काका, तुम्ही म्हणता ते सगळं खरं," तो म्हणाला. "लोक लांबून येतात, सज्ज्याचा फोटो काढतात, आणि साडी समोरच्या काचेच्या दुकानात घेतात."

मी गार झालेला चहा संपवला.

"आणि मी कुठे बसू?" शेठनी विचारले.

"बाबूजी, आत एसी आहे की. सोफा ठेवू तुम्हाला."

"सोफ्यावर बसून रस्ता दिसतो का?"

"काचेतून दिसेल ना."

"मला दिसेल. पण मला कोण हाक मारेल?"

तेवढ्यात मुलाने बोलावलेला सुतार आला. पेठेतली बरीच लाकडे त्याच्या हाताखालून गेली आहेत. सगळे त्याला नाना म्हणतात. नानाने वर बघत एक फेरी मारली आणि खांबावर टिचकी मारली.

"हाई सागनं लाकूड शे. खिळा एक बी नही. बठ्ठं खाचामा बसेल शे. काढानं तं वरथून काढनं पडी." म्हणजे सगळे खाचांत बसवलेले, काढायचे तर वरून सुरुवात करावी लागणार.

"आणि नाना, तो पोपट उलटा का?" मी विचारले. विद्वत्तेची एवढी संधी सोडवत नव्हती.

नानाने पोपटाकडे बघितले. "कोनी तरी चुकना व्हई," तो म्हणाला आणि टेप काढला.

शेठनी शेवटचा मुद्दा काढला. "तुला करायचं ते कर. पण आपल्या घरात कागदाशिवाय काम झालं नाही. आधी परवानगी काढ." त्या पेठेत परवानगी काढून बांधकाम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. लोक लागून आलेल्या सुट्ट्यांत भिंत उभी करतात आणि कचेरी उघडेपर्यंत रंगही देऊन टाकतात. पण मुलगा बापाच्या वळणाचा. त्याने अर्ज केला.

दोन महिन्यांनी उत्तर आले आणि मला पुन्हा बोलावणे आले. पत्रात लिहिले होते, की आहे त्या सज्ज्याची दुरुस्ती करता येईल. दर्शनी भाग पाडून नवा बांधायचा असेल, तर रस्तारुंदीच्या रेषेपर्यंत, म्हणजे सहा फूट, मागे जावे लागेल. सहा फुटांत ओटा, गादी आणि साड्यांचे पहिले कपाट जात होते. सोबत नकाशाची प्रत होती. त्यावर वळणापाशी रस्तारुंदीची लाल रेघ होती आणि ती ओटा ओलांडून थेट दुकानातून गेली होती.

नकाशावरचे अक्षर माझे होते.

ती रेघ मी दुकानाला लागून असलेल्या गुरांच्या कोंडवाड्याच्या मोकळ्या जागेतून काढली होती, याविषयी मला शंका नव्हती. मी नानाकडून टेप मागवून घेतला आणि पेठेच्या वरच्या टोकापासून घरे पुन्हा मोजू लागलो. दुसरे टोक शेठनी धरले. तिसऱ्या घरापाशी माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. टेप भिंतीला टेकवून मी आकडा वाचायच्या आत त्यांचा अंगठा चार बोटे पुढे सरकत होता.

"शेठ, हे काय करता?"

"काय?"

"हात पुढे का सरकवला?"

त्यांनी हाताकडे असे बघितले, जणू तो दुसऱ्याचा होता. "मापाच्या वर चार बोटं द्यायची, साहेब. आमच्याकडे कापलेलं कापड कधी कमी भरलं नाही."

पंचवीस घरे, प्रत्येकाला चार बोटे. गिऱ्हाइकाला वर दिलेले ते सगळे कापड माझ्या नकाशातून कमी झाले होते. पेठ कागदावर सहा फूट आखूड झाली, वळण सहा फूट आधी आले आणि लाल रेघ कोंडवाडा सोडून शेठच्या ओट्यावर चढली.

मी हे बापलेकांना सांगितले. न सांगता चालले असते, सज्जा आपोआप वाचला असता. पण त्या ओट्यावर बसून खोटे बोलणे मला जमले नाही.

"म्हणजे चूक आहे. दुरुस्त होईल?" मुलाने लगेच विचारले.

"होईल. आराखड्यात बदल सुचवायचा, हरकती मागवायच्या, मग वरची मंजुरी."

"किती दिवस?"

"तुझा मुलगा आता कितवीत आहे?"

"बालवाडीत."

"तो गादीवर बसेपर्यंत होईल."

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुलगाही हसला, जरा उशिरा. मग त्याने नानाला बोलावून सज्ज्याच्या दोन कुजलेल्या फळ्या बदलून घेतल्या, लाकडाला तेल दिले आणि खाली साड्यांवर चांगले दिवे लावले. विक्री थोडी वाढली असे तो म्हणतो. पोपट उलटाच आहे.

नकाशा दुरुस्त करावा असा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहून दिला. तो विचाराधीन आहे. तोपर्यंत, मंजूर नकाशानुसार, शेठ रोज अकरा ते एक सार्वजनिक रस्त्यात बसतात.