सुनेचे उपास

बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि नळ चालू होता. मी सुनेला हाक मारली. पुन्हा मारली. दार बडवलं. आतून फक्त पाण्याचा आवाज. मग दाराखालून पाणी बाहेर यायला लागलं आणि ते लालसर होतं.

इंदुरात विजय नगरच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी आम्ही दोघीच होतो. मुलगा ऑफिसात. मी समोरच्यांची घंटी दाबून धरली. "भिया, दरवाजा तोडो, बहू अंदर गिर गई!"

शेजारी बनियनवरच धावत आला. "अम्माजी, आप हटो," म्हणाला आणि खांद्याने धडका द्यायला लागला. कडी तुटली, पण दार थोडंच उघडलं. ती दारालाच टेकून पडली होती. जोर लावला तर तिलाच लागणार. मी काटकुळी आहे, मीच फटीतून आत घुसले. कपाळ नळावर आपटून फुटलं होतं. ओठ पिठासारखे पांढरे. नाकापुढे हात धरला, पण नळाचं पाणी अंगावर उडत होतं, श्वास चालू आहे की नाही ते समजेना. मला वाटलं, गेली.

तुकोगंजातल्या दवाखान्यात ती शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "खाती क्या हो?" तिला विचारलं. मी सांगितलं, "खाती नहीं, व्रत करती है।"

खरंच होतं ते. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सोमवार तिच्या आईने सांगितलेला, गुरुवार ऑफिसातल्या मैत्रिणीने. चतुर्थी आमच्या घरची, एकादशी तिने स्वतःच्या मनाने लावून घेतलेली. आमचं घराणं जुन्या संस्थानी दरबारच्या फौजेतलं, मटण खाणारं. तिने मटण सोडलं, मग अंडी सोडली. उपास नसेल त्या दिवशी मोबाइलवर बघून कसल्या कसल्या बिया दुधातून प्यायची, आणि ऑफिसात चहावर चहा. बाकी साबुदाणा. साबुदाण्याने पोट भरतं, रक्त होत नाही.

"बच्चा बाद में, अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहले ये तो बचे।"

रक्ताची बाटली लावली. तिच्या हातात ते थेंब थेंब जात होतं आणि मी बघत बसले. माझा नवरा असाच बाटली लावलेला असताना गेला होता.

घरी आणली तरी ती खाईना. ताट पुढे केलं की म्हणायची, "आई, आज सोमवार आहे. मध्येच मोडला तर कधीच होणार नाही."

"आणि मेलीस तर होणार आहे का?"

"तुम्ही ना, काहीही बोलता."

पण तिची भीती खोटी नव्हती. डोळ्यांत दिसायची. मी रागावून ती भीती जाणार नव्हती. मग मी हातावर पाणी घेतलं, देवापुढे सोडलं आणि सांगितलं, हिचे सगळे उपास आजपासून माझे. माझ्या जावेच्या बाळंतपणात तिची चतुर्थी मी अशीच धरली होती. आमच्याकडे चालतं.

मुलगा म्हणाला, "आई, तुझी शुगर?"

"तू तुझं ऑफिस बघ."

ती खायला लागली. मी काही मोठं करत नव्हते. सकाळी पोहे, पण त्यात मोड आलेले मूग मूठभर आणि वरून लिंबू चांगलं पिळून. इंदुरात पोह्यांवर शेव लागतेच, तीही घालायची, नाहीतर ती तोंड वाकडं करते. डब्यात पालक घातलेली डाळ, लोखंडाच्या कढईत केलेली, आणि पोळ्या. पर्समध्ये भाजलेले चणे आणि गूळ. संध्याकाळी उकडलेली अंडी किंवा तिळाची चटणी लावून भाकरी. जेवणाबरोबरचा चहा बंद, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. गोळ्या वेगळ्या. ती समोर बसून खायची आणि माझ्या रिकाम्या ताटाकडे बघायची.

बाथरूमची कडी मी पुन्हा बसवू दिली नाही. ती अंघोळीला गेली की मी बाहेर कपड्यांच्या घड्या करत बसायचे. पाण्याचा आवाज एकसारखा येत राहिला की हातातली घडी ठेवून मी दाराशी जायचे. उगाच विचारायचे, "साबण आहे का गं?"

"आहे, आई. आहे. जिवंत आहे मी."

एका गुरुवारी दुपारी मी मूग निवडत होते. सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. आधी घाम आला. मग समोरचं ताट दोन दिसायला लागलं. हाक मारायला तोंड उघडलं तर जीभ वळेना. तिला सुट्टी होती म्हणून ती घरात होती. ताट पडल्याचा आवाज ऐकून धावत आली. साखरेचा डबा माझ्या तोंडावरच उपडा केला म्हणायला हरकत नाही. नंतर पोळीचा तुकडा तोंडात कोंबला.

"आज गुरुवार..." मी म्हणाले.

"गुरुवार गेला भाड़ में!" ती रडत ओरडली. असं बोलणारी नव्हे ती. "चावा आधी. मला मूल नको, काही नको. तुम्ही चावा."

मी चावलं. उपास मोडला, तिचाही आणि माझाही. त्या रात्री ती माझ्याच खोलीत झोपली. दोघीही घाबरलेलो होतो, आता काहीतरी होणार म्हणून. पुढचा महिनाभर दाराची घंटी वाजली तरी ती दचकायची.

काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तिचं रक्त तपासलं, म्हणाल्या, आता ठीक आहे, हेच खाणं चालू ठेवा. पाळीही वेळेवर येते आहे. दर महिन्याला येते, तेव्हा ती खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडते. मग मी पोहे करते आणि ती खाते.

मूल अजून नाही. ती जगली. मीही जगले.