रपट्यावरची टिकली

फोन शालूच्या नंबरवरून आला, म्हणून मी नेहमीसारखं म्हटलं, "बोल बाई, आज कोणतं कुत्रं आडवं आलं?" पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज होता. "ह्या फोनवाल्या बाई नाल्यावरच्या रपट्याखाली पडल्या हायेत जी. गाडी अंगावर हाये. तुमचा नंबर सगळ्यात वर होता, म्हनून लावला." थंडीतली सकाळ होती, धुकं अजून उठलं नव्हतं. हिंगणघाटच्या आमच्या हबमध्ये पार्सलांची दुसरी गाडी खाली होत होती. आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचलो तोवर ती गेली होती. याला आता सात आठवडे झाले.

मी या डिलिव्हरी कंपनीत टेबलावरचा माणूस. कोणतं पार्सल कोणाच्या पिशवीत जाईल ते ठरवायचं आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या फोनवर झेलायच्या. स्वभाव मुळातच तिरसट, त्यात ही नोकरी... म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. शालू चार वर्षांपूर्वी वडनेरहून आली. घरचा भाजीपाला. नवरा गजानन वांगी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पिकवायचा आणि ही स्कूटीवर जुड्या लादून बाजारोबाजार फिरायची. त्यामुळे तालुक्यातली एकूण एक पांदण तिला पाठ. पोरं सुरुवातीला हसली. महिनाभरात तीच पोरं तिला फोन करून रस्ता विचारू लागली. मला ती काकाजी म्हणायची आणि माझा तिरसटपणा तिच्या खिजगणतीत नव्हता. "काकाजी, सकाळी सकाळी कारलं खाऊन येता काय?" असं सगळ्यांदेखत विचारायची.

मग वरून हुकूम आला की प्रत्येक हबमध्ये कर्मचाऱ्यांची सुरक्षा समिती पाहिजे. ब्याद टळावी म्हणून सगळ्यांनी शालूताईचं नाव पुढं केलं. समिती म्हणजे काय, तर एक बॅनर, एक फोटो आणि प्रत्येकी दोन आलुबोंडे. शालूनं आलुबोंडे खाल्ले, हात पुसले आणि म्हणाली, "फोटो झाला. आता सांगा, आतापावतर कोन कुठं पडलं?" कोणी बोलेना. पडलेले सगळेच होते, पण पडलो म्हटलं की वरून विचारणा होते, म्हणून गुडघे फुटलेले लोक फुलपँट घालून गप्प बसायचे. तिनं स्वतःपासून सुरुवात केली. मग एकेक जण पँट वर करून दाखवू लागला... फ्रिजचा एक मोठा खोका तिनं फाडून सपाट केला, त्यावर मार्करनं तालुक्याचे रस्ते काढले, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाली, "जो जिथं पडला, तिथं लावा." ते दांडगे मिशीवाले गडी बोटाच्या टोकावर मरून रंगाची टिकली घेऊन नकाशासमोर उभे राहिले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

टिकलीचा अर्थ साधा होता. तिथून पुढं गाडी न्यायची नाही, गिऱ्हाइकाला फाट्यावर बोलवायचं. मॅनेजर कुरकुरले, पण तो पावसाळा कोणी न पडता गेला. नागपूरचे साहेब येऊन नकाशाचा फोटो काढून गेले. नकाशाच्या खाली शालूनं एकच नियम लिहिला होता: टिकली कोणीही लावावी, काढायची मात्र जागा डोळ्यांनी पाहून आलेल्यानंच. मी तिला टोकलं होतं, काढण्याचं एवढं कौतुक कशाला? ती म्हणाली, "लावनारा चुकला तं गिऱ्हाईक चार पावलं जास्त चालन. काढनारा चुकला तं मानूस जाईन, काकाजी." पाकिटाला दोरा बांधून तिनं ते नकाशालाच टांगून ठेवलं.

आता जे लिहायचं आहे, त्याच्यासाठीच मी बसलो आहे. गेल्या पावसात एका नाल्यावरच्या रपट्याची, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलाची, कड खचली आणि तिथं टिकली लागली. पलीकडच्या गावचं नाव लिहीत नाही, त्या लोकांचा दोष नाही. तिथलं एक गिऱ्हाईक रोज फोन करायचं. "फाट्यावर काऊन बोलावता? मुरूम टाकला ना बाप्पा रपट्यावर! या बिनधास्त." चार दिवस मी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी डोकं सणकलं. उठलो, टिकली नखानं उचकटली आणि माझ्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवून दिली, बायका आरशाला चिकटवतात तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी शालू पिशवी भरून रोजच्यासारखी नकाशासमोर उभी राहिली. तिनं विचारलं, "काकाजी, रपट्याची टिकली कोनं काढली?"

"मी."

"पाहून आलते?"

आणि मी मान वर न करता म्हणालो, "हो ना बाई, आलो पाहून."

खोटं. साफ खोटं. मी त्या वाटेनं जन्मात गेलो नव्हतो. नाही म्हटलं असतं तर ती काय करणार होती? चार शब्द सुनावले असते आणि टिकली परत लावली असती, बस्स. "मंग ठीक हाये," म्हणाली आणि निघाली. पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. तासाभरानं तो फोन आला. भुसभुशीत मुरूम, वर धुकं... चाकाखालची कडच गेली.

फोन ठेवल्यावर मी काय केलं? पाकिटातली नवी टिकली काढली आणि रपट्यावर लावली. दुसरं कोणी त्या वाटेनं जाऊ नये म्हणून, असं स्वतःला बजावलं. त्यातलं अर्धं खरं होतं. नागपूरचे साहेब आले, त्यांनी पुन्हा नकाशाचा फोटो काढला आणि अहवालात लिहिलं की धोक्याची खूण असूनही चालकाने दुर्लक्ष केले. मी बाजूला उभा होतो. पोरं आपसात म्हणू लागली, शालूताईनं आपलीच टिकली पाह्यली नाई. तेरवीला गजानन माझ्याजवळ येऊन बसला. "काकाजी, चार वर्सं दुसऱ्यायले सांगत फिरली. तिले सोताले दिसली नसन का हो?" मी पानातला भात कालवत राहिलो. लाज वाटते लिहायला, पण जेवलोही.

त्यानंतर झोप अशी लागलीच नाही. एका रविवारी वडनेरला गेलो आणि सगळं सांगितलं. गजानन खाली बसून सांबाराच्या जुड्या बांधत होता. ऐकून घेतलं. हातातली जुडी बांधून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे तिनं पाह्यलं होतं."

"हो."

"तुमाले इचारलं बी होतं."

"हो, गजाननभाऊ."

त्यानं शिवी दिली असती, कानाखाली काढली असती तर बरं झालं असतं. तो जुड्या बांधत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पानी प्या न् जा आता." नागपूरलाही मी हे सगळं लिहून दिलं आहे. अजून उत्तर नाही. शालू बेपर्वा नव्हती. तिनं विचारलं होतं. निदान एवढं चार लोकांना कळावं म्हणून हे छापायला पाठवतो आहे. मला माफी मिळावी म्हणून नाही, ती कोण देणार?

नकाशा अजून भिंतीवर आहे. मी पोरांनाही सांगितलं, तेव्हापासून कोणी टिकली काढत नाही. पाहून आलो म्हटलं तर विश्वास कोणाचा धरायचा? टिकल्या वाढतच गेल्या. सगळ्याच रस्त्यांवर टिकल्या झाल्यावर नकाशाकडे पाहणंही सुटलं. आता प्रत्येक जण आपापल्या नशिबानं जातो. मागच्या आठवड्यात दोघं पडले, आणि दोघंही फुलपँट घालून गप्प होते.

परवा एका रायडरनं विचारलं, "काकाजी, रपटा पक्का बांधला म्हनतात. काढू का टिकली?" मी म्हटलं, "थांब, पाहून येतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबल सोडलं, गाडी काढली आणि गेलो. सिमेंटची नवी कड आहे, दोन्ही बाजूंना पांढरे दगड आहेत. उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. परत येऊन नकाशासमोर उभा राहिलो. नियमानं आता टिकली मीच काढायची, पण हात उठला नाही. घड्याळात पाहिलं. जाऊन-येऊन दीड तास लागला होता... एवढाच.