जनाना दवाखान्यातली खाट नंबर चार

किस्से काही कोणी जमवत नाही हो! खिडकी उघडी राहिली की धूळ येते, तसे ते आपोआप येतात आणि टेबलावर बसून राहतात. आमच्या अभ्यासिकेत मी गेली कित्येक वर्षं खुर्ची सांभाळतेय. माझी कामं तीनच. रजिस्टर पुढे करायचं, पंखे चालू आहेत का बघायचं, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून गप्पा मारायच्या नाहीत. तिसरं काम अजून जमलेलं नाही.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. अभ्यासिकेची इमारत इंग्रजांच्या काळातली, दगडी. पूर्वी हा बायकांचा दवाखाना होता, म्हणजे गावाच्या तोंडी 'जनाना दवाखाना'. नवा दवाखाना बायपासला गेला आणि ही इमारत बरीच वर्षं कबुतरांकडे होती. मग गावातल्या चार बायकांनी खटपट करून ती सोडवली. आता पुढच्या मोठ्या वॉर्डात मुली अभ्यास करतात. मागे एक 'निवांत खोली' आहे, तिथे लिहा, चित्रं काढा, काय वाटेल ते करा. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. दुपारी जमिनीवर हिरवे-तांबडे तुकडे पडतात आणि हळूहळू सरकत मुलींच्या पुस्तकांवर चढतात. मी ते बघत बसते. माझ्याकडून एवढंच वाचन होतं!

* * *

दवाखान्याच्या खाटा गेल्या, टेबलं आली. पण भिंतीवर खाटांचे निळे पत्र्याचे नंबर तसेच राहिले. त्यामुळे टेबलाला इथे कोणी टेबल म्हणत नाही. खाटच! अर्धं गाव इथे जन्मलेलं. ज्या खाटेवर आपण जन्मलो तीच हवी, म्हणून मुली भांडतात. कोण कुठल्या खाटेवर जन्मलं हे एकाच माणसाला पाठ आहे. ती म्हणजे शेवंताबाई. दवाखान्यात आया होती. दवाखाना गेला, पण शेवंताबाई गेली नाही. आता अभ्यासिकेच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात.

तर रोशनी नावाची आमची एक मुलगी. तिचं मंगरूळपीरला लग्न ठरलं. साखरपुड्याला तीन आठवडे होते आणि एका दुपारी होणाऱ्या सासूचा फोन आला, "कुठं हाय बाई?"

रोशनी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "जनाना दवाखान्यात हाय जी. सात नंबरच्या खाटेवर. पाचच्या आत काही मी सुटत नाई."

बाई मिळेल त्या एस्टीने आल्या! चेहरा असा, की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. शेवंताबाईने दार उघडलं. आत डझनभर मुली माना खाली घालून बसलेल्या, पंखे फिरताहेत, आणि सात नंबरला रोशनी महाराष्ट्राच्या नकाशात नद्या रंगवतेय. बाईंनी पंख्यापासून नकाशापर्यंत सगळं न्याहाळलं.

त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "पंख्याखालची एखादी खाट रिकामी हाय का मॅडम?"

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी त्या येतात. भाजीची पिशवी खुर्चीखाली ठेवतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. सून लग्नानंतरही सात नंबरला आणि सासू नऊ नंबरला!

* * *

निवांत खोलीचा वेगळा किस्सा. शांताकाकू आमच्याकडच्या जैन व्यापारी घरातल्या, कापडदुकानवाल्या. पहिल्या दिवशी आल्या आणि रजिस्टरमधल्या 'विषय' या रकान्याशी अडल्या.

"इथे काय लिहू?"

"जे करणार असाल ते लिहा."

काकूंनी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काही नाही'.

दोन तास त्या खिडकीशी बसल्या. वही उघडली नाही, पोथी उघडली नाही, मोबाईल पिशवीतच वाजला तर वाजू दिला. जाताना म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी हाक मारली नाही गं!" आणि रडल्या. मग हसल्या.

पुढच्या महिन्यात रजिस्टरमध्ये आणखी पाच बायकांनी तोच विषय लिहिला. आता आमच्याकडे स्पर्धा परीक्षेखालोखाल 'काही नाही'चाच नंबर लागतो!

* * *

दुपारी दोनला सगळा वॉर्ड झोपतो. भिंती हातभर जाड, आत गारवा, पंख्याची एकसुरी घरघर. कोण किती वेळ टिकणार? अशा वेळी शेवंताबाई अनवाणी एक फेरी मारते. घसरलेली ओढणी खांद्यावर सारते, पुस्तक मिटून उशाला देते. सवय जात नाही हो! एकदा पोलीस भरतीवाल्या एका धिप्पाड मुलीच्या कपाळावर तिने हात ठेवला, "ताप नाई" असं पुटपुटली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मुलीने झोपेतच विचारलं, "मंग आज घरी सोडता का?"

* * *

पुरुषांना आत मनाई. दवाखान्यात होती तीच आम्ही चालू ठेवली. एक पुढारी आले होते, चार कार्यकर्ते घेऊन, पाहणी करायला. शेवंताबाई दारात आडवी!

कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, साहेबांचा जन्म इथलाच हाय. बघू द्या त्यायले."

"मले कायले सांगतं? मीच काढलं त्यायले," शेवंताबाई म्हणाली. "साहेब, तुमी एकडाव आत होते ना, पुरं झालं! तवा बी लय रडले होते."

साहेब मात्र दिलदार. हसत मागे फिरले आणि व्हरांड्यातल्या घंटेखाली थांबून म्हणाले, "माझ्या वेळी वाजली होती का ही?"

"वाजली ना! पोरगा होते तुमी."

ही घंटा म्हणजे आमच्या इमारतीची शान. तेव्हा पुरुषमंडळी समोरच्या कडुनिंबाच्या पारावर बसून असत. मुलगा झाला की शेवंताबाई घंटा वाजवायची आणि कठड्याशी येऊन खाटेचा नंबर ओरडायची. मुलगी झाली तर घंटा नाही. बराच वेळ शांतता राहिली की पारावरची माणसं काय ते समजत.

आम्ही घंटा पुन्हा सुरू केली. जी परीक्षा पास होईल ती वाजवेल! हे ऐकून शेवंताबाई दोन दिवस चिंचेने घंटा घासत बसली. नियमाची मात्र पक्की. एकीने लग्न जमलं म्हणून वाजवली तर तिच्या हातातून दोरी काढून घेतली आणि म्हणाली, "यात तू कोनता पेपर सोडवला?"

* * *

आता वंदनाचं सांगते. खाट नंबर चार, जन्माचीच. ब्लाउज शिवून घर चालवते. बी.ए. बाहेरून केलं, तेही उशिरा. तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकली, आणि यंदाची ही तिच्या वयात बसणारी शेवटची परीक्षा. ती मुलींसारखी बडबडत नसे. येताना-जाताना घंटेकडे मात्र एकदा बघायची.

तिचे वडील किसनदादा अनसिंगचे. बायको गेल्यापासून वंदनाकडे राहतात. रोज दुपारी तिचा डबा घेऊन यायचे आणि शेवंताबाईच्या हातात देऊन पारावर बसायचे, ती निघेपर्यंत. आम्हाला कौतुक वाटायचं. शेवंताबाई मात्र डबा घेताना त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे.

शेवटी मी तिला विचारलं.

"चौथी पोरगी होती वंदना," ती म्हणाली. "हा मानूस सकाळपासून त्या पारावर. म्या घंटा वाजवली नाई. समजला. उठला आन चालला गेला अनसिंगले. पोरगी पाह्यली बी नाई. माय तिची दरवाज्याकडे पाहून राह्यली होती, दोन दिवस."

"आणि तू?"

"मले मनाई होती ना वाजवाले," ती म्हणाली आणि झाडू घेऊन उठली.

उन्हाळ्यात एकदा पारावर ऊन आलं होतं. शेवंताबाई कठड्यावरून ओरडली, "घरी जा ना किसनराव! उन्हात कायले बसता?"

"बसतो," किसनदादा म्हणाले. "एकडाव निंघून गेल्तो."

दुसऱ्या दिवसापासून पारावर पाण्याचा तांब्या दिसायला लागला. कोणी ठेवला, हे आम्ही विचारलं नाही.

* * *

निकाल लागला तो दुपारी, झोपेच्या वेळी. वॉर्डभर मोबाईल उजळले. वंदनाने स्वतःचा मोबाईल उलटा करून ठेवला होता. "मी नाई पाहत," ती म्हणाली. रोशनीने तिचा नंबर घेऊन यादी उघडली आणि बोट फिरवत खाली गेली, मग परत वर आली. मला वाटलं, गेलं.

"ताई," रोशनी म्हणाली, "हाय! तुमचं नाव हाय!"

सगळा वॉर्ड उठला. निवांत खोलीतून शांताकाकूही आल्या, 'काही नाही' अर्धवट सोडून! सगळ्या व्हरांड्यात. वंदनाने दोरी धरली. तशीच उभी राहिली. मग दोरी सोडली.

"मावशी, तुमी वाजवा."

"नियम नाई तसा," शेवंताबाई म्हणाली.

"तवा बी नियमच होता ना?"

शेवंताबाईने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग अशी घंटा वाजवली, की कबुतरं उडाली आणि टपरीवरच्या माणसांचे चहाचे ग्लास हातातच राहिले. ती कठड्याशी आली, तोंडाशी हात धरला आणि पूर्वी ओरडायची तशी ओरडली,

"खाट नंबर चार! ओ किसनराव! पोरगी झाली!"

किसनदादा पारावरून उठले. डोक्यावरची टोपी सारखी केली. रस्ता ओलांडून पायरीपर्यंत आले आणि तिथेच थांबले, पुढे पुरुषांना मनाई म्हणून.

"आना बाहेर," ते म्हणाले. "पाहू द्या मले."