चौथ्या कैद्याची जबानी

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. साक्षीदार मराठीत बोलत, ते इंग्रज मॅजिस्ट्रेटसाहेबांना इंग्रजीत सांगायचे आणि जबानी उतरवून घ्यायची, हे माझे काम. एके सकाळी साहेब म्हणाले, कागद घ्या, तुरुंगात जायचे आहे. तिथे एक कैदी मेला होता.

तो कोपरीकडच्या मिठागरावरचा, जेमतेम तिशीचा. परवान्यावाचून मीठ नेले म्हणून सक्तमजुरी भोगत होता. तुरुंगाच्या कागदावर मृत्यूचे कारण लिहिले होते, 'ताप'. पण कैदी मेला की साहेबांनी स्वतः चौकशी करायची, असा कायदा होता. दरवाज्याशी त्याची बायको बसली होती. प्रेत कधी मिळेल, एवढेच तिने मला विचारले. जबान्या झाल्या की मिळेल, म्हणालो आणि आत गेलो.

त्याच्याबरोबर चक्कीवर दळणाऱ्या कैद्यांना एकेक करून आणले. पहिले तिघे एकच बोलले. ताप आला, औषध दिले, मेला. शब्दसुद्धा तेच. जेलर दारात उभा होता आणि बोलताना तिघांचीही नजर त्याच्याकडे जात होती. मला ते दिसत होते. मी लिहीत राहिलो.

चौथा दिवा गावाकडचा म्हातारा होता. तो हात जोडून म्हणाला, "सांगतो सायब, पन जेलरसायबांना भायेर जाऊ द्या."

मी टाक दौतीत बुडवला. जेलर माझ्या ओळखीचा, रोजच्या नमस्काराचा माणूस. तो माझ्याकडेच पाहत होता. साहेबांनी विचारले, "काय म्हणतो तो?" तेव्हा मी सांगितले. साहेबांनी मान वळवून जेलरला बाहेर जायला सांगितले.

मग म्हातारा बोलला. चार दिवस ताप होता. जेलरने आजाऱ्यांच्या यादीत नाव घातले नाही. चक्कीला उभे केले. तो कोसळला तेव्हा मुकादमाने, तोही कैदीच, सोंग करतो म्हणून त्याला लाथा घातल्या. पाणी मागितले, तर दळण झाल्यावर मिळेल म्हणाला.

लिहून झाले तसा म्हातारा म्हणाला, "काय लिवलंत ते वाचून दाखवा." तो त्याचा हक्कच होता. आधीच्या तिघांना मी वाचून दाखवले नव्हते. आता वाचू लागलो, तर एका ठिकाणी त्याने थांबवले.

"काम जमत नव्हतं असं नाय म्हनलो मी. त्याला उभं ऱ्हाता येत नव्हतं."

मी खोडून दुरुस्त केले. त्याने अंगठा उठवला आणि हळूच विचारले, "आज मना याच मुकादमाच्या हाताखाली ठेवनार काय?"

मी ते साहेबांना सांगितले. याला आजच्या आज दुसऱ्या बराकीत हलवा आणि चौकशी संपेपर्यंत कोणतीही शिक्षा देऊ नका, असा हुकूम त्यांनी सांगितला, तो मी टिपून घेतला. कचेरीत परत आल्यावर त्याची स्वच्छ प्रत करून सहीला ठेवायची होती. पण त्या दुपारी दुसरे काम निघाले. मी मनाशी म्हणालो, उद्या सकाळी करू. सकाळी साहेब दौऱ्यावर गेले होते. हुकूम तुरुंगात पोहोचला तो तीन दिवसांनी. तोवर म्हाताऱ्याला शिस्तभंगाच्या नावाखाली फटके बसले होते.

पुढे मुकादमाचे काम काढून घेतले, जेलरची बदली झाली. हुकूम उशिरा का गेला, हे मला कोणी विचारले नाही.

वर्षभराने कल्याणच्या बाजारात तो म्हातारा दिसला. भाजीची पाटी घेऊन बसला होता, पाठ वाकली होती. मला ओळखून म्हणाला, "तुमी बराबर लिवलंत हां." मला राहवले नाही. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि हुकूम माझ्याच मेजावर राहिला होता, हे सांगून टाकले.

त्याने भाजीवर पाणी शिंपडले. रागावला असता तर मला सोपे गेले असते.

"त्याच्या बायकूला मयत मिलाला ना?" त्याने विचारले.

"मिळाले. जबान्या झाल्या त्याच संध्याकाळी."

"बरा झाला," तो म्हणाला आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.