जनीच्या आंबिलीतली भुकटी

माघ महिना, १९५६. गावातल्या मुलांची वजनं घ्यायचा दिवस. हजर: ग्रामसेविका म्हणून मी, वजनकाट्यापाशी कंपाउंडर, गावातल्या अकरा आया. त्यांत सोमीबाई आणि तिची चार वर्षांची जनी. पुढे जे झालं ते अहवालात नाही, आणि आजवर मी कुणाला सांगितलेलंही नाही.

सोमीबाईचं घर गोंडाचं. नवऱ्याने माळ घातल्यापासून मांस बंद. आणि गाय तर त्यांच्यात कधी पिळतच नव्हते. मी दुधाचं विचारलं तशी ती हसली. "बाई, ते वासराचं व्हय. वासरू येते का तुमच्या आईचं प्याले?" साऱ्या आया खो खो हसल्या. मी नाही. मी प्रशिक्षण घेतलेली बाई — मला शिकवणारी ही कोण?

जनीला काट्यावर बसवण्याआधीच मी तिच्या नावापुढे 'अशक्त' लिहिलं होतं. दूध नाही, मांस नाही — मग वजन कशाला करायचं? ती पाटलाच्या नातवापेक्षा जड भरली. मी म्हणाले, काटा बिघडलाय. जवस, तीळ, डाळ, रानभाजी खाऊन टणक झालेलं पोर समोर उभं, आणि मी विश्वास ठेवला माझ्या रकान्यावर. काय ही अक्कल!

मग — माझा मुक्काम त्यांच्या शेजारीच होता — सोमीबाईची पाठ वळली की मी जनीच्या आंबिलीत सरकारी दुधाची भुकटी कालवायचे. तीन दिवस. चौथ्या दिवशी तिला जुलाब लागले, डोळे खोल गेले.

सोमीबाई धावत आली. "बाई, माह्या हातून काय चुकलं?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी म्हणाले, "दूध पाजलं असतं तर ही पाळी आली नसती."

तिनं ते खरं मानलं. वासराला हात जोडले, त्याला दूर बांधलं आणि जन्मात पहिल्यांदा गाय पिळली. जुलाब वाढले. शेवटी नवऱ्याने दूध थांबवून पोरीला नुसत्या पेजेवर ठेवलं, तेव्हा ती उठून बसली. गाव म्हणालं, वासराचं चोरलं म्हणून लेकराले भोवलं. सोमीबाईही तेच म्हणते. हातून पाप झालं म्हणून तेव्हापासून ती देवाच्या पूजेला बसत नाही.

मी तिला खरं सांगायचं अजून राहिलंय. गाव सात मैलांवर आहे. नदीला सध्या पाणी नाही. रस्ता मला पाठ आहे.