हवेच्या होडीची पूजा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी एकटा कुठेही गेलो नव्हतो. शाळेत मी भूगोल शिकवतो. फळ्यावर ढीगभर नद्या काढल्या, पण खऱ्या नदीत घाटावर पाय धुण्यापलीकडे माझी मजल नव्हती! म्हणून त्या हिवाळ्यात मी हवा भरायची एक होडी ऑनलाइन मागवली आणि जेवताना जाहीर केलं, "वैतरणेच्या धरणात दोन दिवस होडीतून फिरणार. पलीकडच्या जंगलात मुक्काम. एकटा!"

"एकटे म्हणजे कोण कोण?" बायकोनं विचारलं.

"एकटा म्हणजे मी!"

"मग डबा एकाचाच?" आईला ते पटेना. "बरं दिसतं का ते! वाटेत कुणी भेटलं तर?"

"आई, जंगल आहे ते."

"जंगलात काय माणसं नसतात?" असं म्हणून तिनं भाकरीचं पीठ वाढवलं. (निघायला अजून तीन आठवडे होते.)

खरा उत्साह संचारला तो आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वाहन जमिनीवरचं असो की पाण्यावरचं, शिकवायचं त्यांनीच! रोज संध्याकाळी ते मला दिवाणावर बसवून हातात वल्हं देत आणि समोर घड्याळ घेऊन बसत. "डावा हात कमी पडतोय! वळण आलं, वळण आलं!" चौथ्या दिवशी मी असं जोरदार वळण घेतलं, की शोकेसवरच्या ताजमहालाचा एक मिनार गेला. बायको धावत आली. आण्णा शांतपणे म्हणाले, "धरणात ताजमहाल नसतो. चालू ठेव."

निघायच्या दिवशी सटाण्याहून मेव्हणा संजय जीप घेऊन हजर. "दाजी, तुम्हाला सोडून लगेच परत येतो." पण जीपमध्ये जागा रिकामी कशाला ठेवायची? आई बसली, बायको बसली, आण्णा तर पहाटेपासून पुढच्या सीटवरच होते.

धरणाच्या काठावर मी पंपानं होडी फुगवली. संजय भोवती फिरून म्हणाला, "दाजी, होडी भारी शे!" मी वल्हं उचललं, तोच आईनं पिशवीतून हळद-कुंकू काढलं.

"नवीन वाहन आहे. पूजा नको?"

"अगं, ही हवेची आहे!"

"गाडीच्या टायरमध्ये काय असतं?"

होडीवर स्वस्तिक निघालं. चाकाखाली लिंबं ठेवायची, तर चाकंच नाहीत, म्हणून ती होडीच्या पोटाखाली गेली. मग आईनं नारळ उचलला आणि माझा जीव खालीवर झाला. "होडीवर नको! दगडावर! तिकडे, लांब!" मी नारळावर इतका बारीक डोळा ठेवून होतो, की मागे संजय वाटेत द्वारका चौकातून आणलेली लिंबू-मिरची होडीच्या टोकाला बांधतोय, हे मला दिसलंच नाही. संजयचं काम पक्कं. जाड तार घेतली, पक्कडीनं तीन वेढे आवळले आणि तारेचं टोक व्यवस्थित आत वळवलं. आत म्हणजे होडीकडे!

मी निघालो. मागची "सांभाळून!", "पोचल्यावर फोन कर!" हळूहळू लांब गेली. समोर नुसतं पाणी, वर आभाळ, आणि होडीत मी. एकटा! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. इतका सुखी मी लग्नातही नव्हतो. हे सुख साधारण चार मिनिटं टिकलं. मग पुढून "फुस्स्स" असा आवाज आला आणि लिंबू-मिरची माझ्यादेखत पाण्यात बुडाली. पाठोपाठ स्वस्तिक. पाठोपाठ मी! अंगात लाइफ जॅकेट होतं, पोहायचा महिन्याभराचा क्लास झाला होता, तरी जीवनातल्या पहिल्या एकट्याच्या प्रवासात मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आण्णाऽऽ!"

काठावरून उत्तर आलं, "अरे, आधी उभा राहा!"

उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

ओल्या गोधडीसारखी होडी खांद्यावर टाकून मी चालत परत आलो. माझा दोन दिवसांचा डबा सगळ्यांनी काठावर बसून खाल्ला आणि तरी उरला. मी मात्र रागानं लांब एका दगडावर जाऊन बसलो. आयुष्यात एकदा, फक्त एकदा एकटं जायचं होतं, तेही या माणसांनी जमू दिलं नाही. थोड्या वेळानं आण्णा भाकरी आणि ठेचा घेऊन शेजारी येऊन बसले.

"तीस वर्षं नांदगावची गाडी चालवली," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मागं कायम साठ माणसं. मी पण कधी एकटा गेलो नाय बघ."

मग त्यांनी मागे वळून आई ऐकत नाही ना, याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी घरात कुणाला सांगू नको. आपण दोघंच एकट्यानं जाऊ!"

तो बेत राहूनच गेला. आण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. होडीला मी ठिगळ लावून घेतलंय, हवाही धरते. पोहायलाही आता बऱ्यापैकी येतं, आणि घरातलं कुणी अडवत नाही. पण दर हिवाळ्यात माझं घोडं एकाच ठिकाणी अडतं: एकट्यानं जायला सोबत कुणी नाही!