डॉक्टरला भाव विचारणारे मामा

अख्ख्या नागपुरात डॉक्टरला भाव विचारण्याची छाती एकाच माणसाची होती, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा मामा निघाला. संत्रा मार्केटात त्यांची दलाली. कुठल्याही दवाखान्यात शिरले की नाडी पुढे करण्याआधी गर्जना, "डॉक्टरसाहेब, भाव बोला!" रांगेतले लोक हसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. "जावईबापू, कांद्याचा भाव पाटीवर लिहून राहते, मंग पोटाचा काहून नाही?" हा त्यांचा बिनतोड सवाल. नंदनवन वस्तीत समोरासमोर बसणाऱ्या दोन डॉक्टरांना एकमेकांची फी सांगून सांगून त्यांनी असं पेटवलं की दोघांनीही ती उतरवली. मामांनी गल्लीभर पेढे वाटले.

मी गिरणीत कारकून. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात, आणि त्यावर मामांचा दात. "सरकार तुमच्याच खिशातून काढते अन् तुमाले फुकट म्हणून देते! फुकटाचा डॉक्टर मान वर करून पाहीन कशाले?" विम्याच्या दवाखान्यात खोकल्याला, पाठीला आणि खरजेलाही एकच लाल औषध मिळे, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. तरी महिनाअखेरीस मूल तापलं की मी त्याच रांगेत उभा असे, देवाचं नाव घेत. मामांना मूलबाळ नव्हतं; ती धास्ती त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं.

मग मामींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि हे गृहस्थ एकेका सर्जनकडे भाव काढत फिरायला लागले! मामी दिवसेंदिवस खंगत चाललेल्या, माझा जीव टांगणीला.

"अहो मामा, ही काय संत्र्याची पेटी आहे?" मी ओरडलोच.

"नाही ना गा, म्हणून तर पाहून राहिलो," ते म्हणाले. एरवी 'जावईबापू' म्हणणाऱ्या मामांनी घरच्या पोराला म्हणावं तसं मला 'गा' म्हटलं, ती पहिलीच वेळ. पान लावताना चुना धोतरावर सांडला.

शेवटी धंतोलीतला एक सर्जन त्यांना पसंत पडला. मार्केटात भाव तोंडाने ठरत नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, थेट डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. मी डोळेच मिटले. डॉक्टर नागपूरचेच, त्यांनी हसून बोटं दाबली. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"इतकं कमी? काहून? नासायला आलेला माल माणूस सस्त्यात काढते. डॉक्टरसाहेब, आशा नाही काय?"

आणि दुपट्ट्याखाली ते स्वतःच भाव वाढवू लागले! डॉक्टर हात सोडवताहेत, मामा सोडत नाहीत.

"काका, माझा सगळ्यांना हाच भाव आहे," डॉक्टर म्हणाले. "जास्त दिले म्हणून माझा हात जास्त चांगला चालणार नाही."

तेव्हा कुठे मामांनी हात सोडला, आणि ते तोच दुपट्टा तोंडाला लावून लहान मुलासारखे रडले.

मामी बऱ्या झाल्या, मामांच्या मागेही पुष्कळ जगल्या. मामांच्या वर्षश्राद्धाला सगळे जेवून गेल्यावर मी मामींना ही दुपट्ट्याची गंमत सांगितली. त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मामांच्या फोटोवरचा हार सारखा केला.

"जन्मभर माझ्या सयपाकाले, माझ्या रूपाले नावंच ठेवली जी त्यायनं," त्या म्हणाल्या. "ज्या गिऱ्हाइकाले माल सोडाचाच नसते, ते असंच करते, नाही काय जावईबापू?"